पत्र्याखालचं माहेर

अन्याय झाला तो गयाबाईवर. गेल्या गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, सकाळी, ती नळावर नंबराला उभी असताना. दोन घागरी भरून ती परत आली तेव्हा तिच्या दारातला लिंब रस्त्यावर आडवा पडला होता आणि करवतवाला त्याच्याच खोडावर बसून तंबाखू मळत होता. झाड ऐन फुलोऱ्यात होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीनं गुढीसाठी डहाळ्या त्या पडलेल्या झाडाच्याच तोडून नेल्या. समोरच्या अपार्टमेंटमधूनही लोक आले, पिशव्या घेऊन. गयाबाईनं त्या दिवशी गुढी उभारली नाही.

"मढ्यावरचा पाला तोंडात घालू का?" ती मला म्हणाली.

रस्ता रुंद करायचा होता म्हणे. परवानगीचा कागद दाखवा म्हटलं, तर ठेकेदाराच्या माणसानं मोबाईल दाखवला आणि लगेच खिशात घातला. भांडायला मी पोचले तोपर्यंत मोठ्या फांद्या ट्रॅक्टरमध्ये चढल्या होत्या, डहाळ्या तेवढ्या पडून होत्या. माझ्या कामातलं हे कायमचं दुखणं आहे. लोक फोन करतात, पण झाड पडल्यावर करतात.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं की कामाचा अनुभव लिहा. निवृत्त माणसं लिहितात तसं लिहिण्याएवढं माझं वय नाही. पण परभणीत उन्हाळ्यात काम केलेल्या माणसाचं वय लवकर वाढतं, म्हणून लिहिते.

मी झरी गावची. परभणीत आमचा एक छोटा गट आहे, त्यात काम करते. कामाचे दोन भाग. पहिला म्हणजे पत्रकं, निवेदनं, धरणं. दुसरा म्हणजे पत्र्याच्या घरांना वरून चुना लावणं. पहिल्या कामानं घसा बसतो, दुसऱ्यानं हात सोलतात. लोकांना दुसरं जास्त आवडतं. "आले बगा चुना लावायला" हा विनोद प्रत्येक गल्लीत होतो आणि करणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच सुचला. आपण हसायचं. हसलं की शिडी मिळते.

चुना कशासाठी, ते ज्यांच्या डोक्यावर स्लॅब आहे त्यांच्यासाठी सांगते. परभणी वाढायलीय. ज्या रानांत परवा-परवापर्यंत ज्वारी होती तिथं प्लॉटिंगचे दगड रोवलेत. विहिरी बुजवल्या, आता प्रत्येकजण आपापली बोअर पाताळात घालतो. रस्ते सिमेंटचे झाले, ते दिवसभराचं ऊन अंधार पडल्यावरही सोडत राहतात. आणि अपार्टमेंटच्या एसीचे डबे गरम हवा फेकतात ती बरोबर मागच्या वस्तीत. त्या वस्तीत पत्रा असतो. वैशाखात पत्र्याखाली बसणं म्हणजे तव्याच्या खालच्या बाजूला बसणं. पत्रा पांढरा केला की ऊन बरंचसं वरच्या वर परततं. संशोधन वगैरे राहू द्या, दुपारी पत्र्याला आतून हात लावून बघा, कळतं.

चुना दोन रात्री भिजत घालायचा, जुन्या लुगड्यातून गाळायचा, त्यात डिंक आणि मीठ घालायचं. लावायचा उन्हं उतरल्यावर. दुपारी लावला तर लावता लावता वाळतो आणि पापुद्रे सुटतात. पत्र्यावर चालताना पाय खिळ्यांच्या ओळीवर ठेवायचा, कारण खाली पाइप तिथं असतो. मधे पाय दिला तर थेट कुणाच्या तरी चुलीत. पण त्याआधी पत्रा मोकळा करावा लागतो. वाऱ्यानं उडू नये म्हणून लोक त्यावर दगड ठेवतात, टायर ठेवतात, मोडकी सायकल, फुटका रांजण, एकदा तर देवळातली घंटा निघाली. ती कुठून आली, हे आम्ही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

माझ्याबरोबर असतात रफिकमामू. जन्मभर भिंती रंगवल्या, आता गुडघे धरतात, तरी पत्र्यावर मांजरासारखे फिरतात. एका गल्लीत एकानं पत्र्याला निळा रंग मागितला. लगेच शेजारचा म्हणाला, मग मला भगवा. तिसरा हिरव्यासाठी अडून बसला. मी पत्रकात लिहितात तसं भाषण सुरू केलं की, उन्हाला पक्ष नसतो, ऊन सगळ्यांना सारखं. मामू मधेच म्हणाले, "बेटा, नक्को. सारखं कुठाय? ज्याला स्लॅब हाय त्याला कमी हाय." मग त्या तिघांकडे वळून म्हणाले, "चुना एकाच रंगाचा येतो, भाऊ. सरकार बदललं तरी." तिघांनीही पांढरा लावून घेतला.

तर गयाबाई.

नवरा मोंढ्यात हमाली करायचा, तो जाऊन लय वर्षं झाली. एकच लेक, पूजा. ती सेलूला दिली. गयाबाई उन्हाळ्यात कुरडया करून विकते. गिऱ्हाइकं समोरच्या अपार्टमेंटमधली. वस्तीत जागा धरताना नवरा-बायकोनं आधी झाड बघितलं आणि मग घर बांधलं. पूजाची झोळी त्याच लिंबाच्या फांदीला होती. पुढचं अर्धं छत लिंबाखाली यायचं, मागचं अर्धं उन्हात. त्या मागच्या अर्ध्यावर धोतर पसरून कुरडया वाळायच्या. म्हणजे निम्मं छत लिंबाचं, निम्मं कुरडयांचं. असा तिचा संसार बसलेला होता आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

लिंब गेल्यावर मी तिच्याकडे गेले ती पत्रकं घेऊन. उष्माघातापासून बचाव कसा करावा, त्याची. ती कुठंतरी लांब, गार खोलीत बसून लिहिलेली होती. मी मोठ्यानं वाचलं, "दुपारी बारा ते चार घरातच थांबावे."

गयाबाई माझ्याकडे बघतच राहिली. "घरात? अगं पोरी, घरातच तर भाजायलोय आमी. दुपारी बाहीर बसायचो, लिंबाखाली. आता तू सांग, कुठं थांबू?"

मी पत्रकाची घडी करून पिशवीत टाकली.

पण तिची खरी फिकीर वेगळी होती. पूजाला दिवस गेले होते, वैशाखात बाळंत व्हायची होती. पहिलं बाळंतपण माहेरी. ही रीत इकडं कुणी मोडत नाही, जिला माहेर उरलेलं नाही तीच मोडते. आणि पूजाची सासू लिंबाची बातमी ऐकून म्हणाली होती, "पत्र्याच्या घरात, ते बी उघड्यावर, ऐन वैशाखात बाळंतीण ठेवता व्हय? आमी न्हाई पाठवणार. आमच्याकडं स्लॅब हाय."

सासू वाईट नव्हती. तिचं म्हणणं खोटंही नव्हतं. तेच तर दुखत होतं.

मी तिथं असतानाच पूजाचा फोन आला. गयाबाईला कानाला लावून ऐकू येत नाही, ती फोन परातीत ठेवून स्पीकरवर बोलते.

"आई, मला तिकडंच यायचंय."

"इकडं काय ठिवलंय बाई? लिंब बी न्हाई ऱ्हायला."

"मला लिंबाकडं न्हाई यायचं. तुझ्याकडं यायचंय."

गयाबाईनं नाक ओढलं. "उगं रडू नगं. लेकराला लागतं." फोन बंद केला आणि मग स्वतः रडली.

मी लगेच म्हटलं, परवा चुना लावू. ती डोळे पुसता पुसताच कडाडली, "आन कुरडया? पत्रा पांढरा झाल्यावर कुरडया काय तुझ्या डोक्यावर वाळवू? कुरडया न्हाई झाल्या तर बाळंतिणीला खायला काय घालू, तुजी पत्रकं?"

तिचं बरोबर होतं. ज्या तापलेल्या पत्र्यानं तिची लेक अडवली होती, त्याच पत्र्यावर तिचं पोट होतं.

मग मामूंनी तोडगा काढला. लिंबाचा होता तेवढाच अर्धा पत्रा पांढरा करायचा, मागचा कुरडयांसाठी सोडायचा. सगळ्यांना पटलं. तसं केलं. आणि अशी चूक फक्त वाळवणाच्या दिवसांत छतं रंगवत फिरणारी आमच्यासारखी माणसंच करू शकतात. दोन दिवसांनी वारं सुटलं. चुन्याची भुकटी उडाली आणि मागं वाळत घातलेल्या ओल्या कुरडयांवर जाऊन बसली. पांढऱ्यावर पांढरं, कुणाला दिसलं नाही. गयाबाईनं कुरडया बांधून गिऱ्हाइकांना दिल्या. शिवाय खोली होती तशीच तापत होती, कारण मधे भिंत नाही. मागचा अर्धा पत्रा पुढच्याच्याही वाटणीचं तापत होता.

तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई खाली आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज अजून वर्गातला. "गयाबाई, यंदा कुरडईत कचकच लागतेय गं. गव्हात रेती होती का?"

गयाबाई पार काळवंडली. इतक्या वर्षांत तिच्या मालाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. ती काही बोलायच्या आत मीच सुटले. रस्ता कुणासाठी रुंद झाला, एसीची हवा कुठं येते, तुमच्या बिल्डिंगच्या नावात झाड आहे पण आवारात का नाही, चुना कुरडयांत कसा उडाला, सगळं काढलं. हातवारेही केले असतील. मास्तरीणबाई पदरानं घाम पुसत शांतपणे ऐकत होत्या.

"तुझं झालं की सांग," त्या म्हणाल्या, "म्हणजे मी गच्चीची किल्ली आणायला जाईन. कुरडया तिथं वाळू दे."

मी हवेतले हात खाली घेतले.

"किल्ली चेअरमनकडं असते. चेअरमन माझे मिस्टर. म्हणजे माझ्याकडंच असते."

इतकं सोपं ते नव्हतं. बिल्डिंगची मीटिंग झाली. बाहेरची बाई रोज वर येणार, टाक्या आहेत, काही झालं तर जबाबदार कोण? शेवटी परवानगी मिळाली, एका अटीवर. गयाबाईनं लिफ्ट वापरायची नाही.

मला हे कळलं तेव्हा मी निषेधाचं पत्रक डोक्यात लिहायला घेतलं होतं, मथळ्यासकट. गयाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. त्या डब्यात मला तसंबी गरगरतं." आणि पहाटे गरम चिकाचं पातेलं डोक्यावर घेऊन, काखेत सोऱ्या धरून, जिना चढायला लागली. तिच्यामागून मास्तरीणबाई, कठड्याला धरून, एकेक पायरी. त्यांचे गुडघे गेलेले आहेत. त्यांना लिफ्ट मोकळी होती. तरी कुरडया संपेपर्यंत त्या रोज जिन्यानंच चढल्या. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी मीही वर होते. प्लास्टिक अंथरलं, गयाबाईनं सोऱ्या दाबून गोल गोल कुरडया घातल्या. काम झाल्यावर ती कठड्याशी जाऊन उभी राहिली. आपली वस्ती तिनं वरून कधी बघितलेली नव्हती. सगळे पत्रे, त्यावरचे दगड, टायर. तिचं घर. दारातला तुटका बुंधा.

"इथून तर सगळं दिसतंय की," ती म्हणाली. "मंग झाड पाडताना कुणालाच कसं दिसलं न्हाई?"

तिनं टोमणा मारला नव्हता. खरंच विचारलं होतं.

मास्तरीणबाई तिच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "दिसलं होतं गं. मी खिडकीत चहा पीत होते. वाटलं, कुणीतरी परवानगी काढली असेल. वाटलं, कुणीतरी खाली जाईल."

गयाबाईनं त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं आता भांडण होणार. माझी तर तीच इच्छा होती. गयाबाईनं पातेल्यातला उरलेला चीक वाटीत काढला, वर साखर घातली आणि वाटी त्यांच्या हातात दिली. "गरम हाय तवर खावा."

मास्तरीणबाईंनी ती वाटी पूर्ण खाल्ली. खाताना डोळे पुसले. मी दुसरीकडे बघितलं. आमच्या गटात हे शिकवत नाहीत.

मग सगळा पत्रा रिकामा झाला आणि आम्ही तो सगळा पांढरा केला. मामूंनी यावेळी डिंक जास्त घातला. पुढच्या बाजूला बांबू रोवून वर जुनी लुगडी ताणली. तोपर्यंत सेलूहून निरोप आला, "दुपारी येते. दुपारी बसून बघते. मग ठरवू." विहीणबाई पक्क्या होत्या. संध्याकाळी येऊन गार वाऱ्यात हो म्हणणाऱ्यांतल्या नव्हत्या.

आल्या त्या ऐन दोन वाजता. स्टेशनपासून रिक्षा, कपाळ घामानं डबडबलेलं, हातात पानाचा डबा. उंबऱ्यातच थांबून वर बघितलं, खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"ही कोण?"

"ती चुन्यावाली बाई," गयाबाई म्हणाली.

"म्हंजी तूच व्हय ती. सगळ्या गल्लीला चुना लावून बसलीस म्हणं."

मी हसले. शिडीची गरज नव्हती, तरी हसले.

त्या बसल्या. गयाबाईनं पाणी दिलं, खरबुजाच्या फोडी दिल्या. विहीणबाई पत्र्याकडे नजर लावून बोलत होत्या. "आमच्याकडं कुलर हाय."

"असंल की."

"दवाखाना बी जवळ हाय."

"इथं बी हाय, रिक्षाच्या हाकेवर."

"लिंब असता तर गोष्ट येगळी हुती, विहीणबाई."

"व्हय," गयाबाई म्हणाली. "लिंब असता तर."

पंखा फिरत होता. विहीणबाईंनी पान मांडीवर घेतलं, चुना लावला, कात लावला. मी त्यांच्या बोटांकडे बघत बसले, कारण निकाल तिकडूनच लागायचा होता. बोटं हळू झाली. सुपारी घालायची राहिली. मान एका बाजूला कलली. आणि पान हातात तसंच धरून त्या भिंतीला टेकून झोपल्या. घोरायलाही लागल्या.

गयाबाईनं तोंडाला पदर लावला. तिनं मला खूण केली, हलू नको. शेजारीण काहीतरी मागायला दारात आली, तिला हातानंच हाकललं. बाहेर मामू वाळलेला चुना झाडायला बादली आपटणार होते, मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. "क्या हुआ?" ते म्हणाले. मी म्हटलं, "विहीणबाई झोपल्या." मामूंनी बादली काचेची असल्यासारखी खाली ठेवली.

उन्हं कलल्यावर त्या जाग्या झाल्या. पान तोंडात टाकलं. "झोप न्हवती लागली. डोळे मिटले हुते."

"व्हय की," गयाबाई म्हणाली.

"पुढच्या आठवड्यात पूजाला आणून सोडते. कुलर बी आणते. घ्यायचा बरं का, न्हाई म्हणायचं न्हाई."

इथं लेख संपवला तर मी जिंकल्यासारखं वाटेल. पण जिंकलेली नाही. पूजा आली, दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी झाली, पाचव्या दिवशी त्या पांढऱ्या पत्र्याखाली आली. लेकराला घामोळ्या आल्या. लाइट गेली की कुलर नुसता डबा. पूजा ओल्या फडक्यानं लेकरू पुसत बसायची आणि गयाबाई दारात गारव्याला शिंपायला पाणी मोजून काढायची. चुना म्हणजे लिंब नव्हे. चुना वारा घालत नाही, चुन्यावर चिमण्या बसत नाहीत. आणि पहिल्या चार-दोन पावसांत तो धुऊन जातो. दर उन्हाळ्यात पुन्हा शिडी.

बाळंतिणीच्या आणि लेकराच्या अंघोळीला लिंबाच्या पाल्याचं पाणी लागतं. ज्या दारात ट्रॅक्टरभर पाला पडला होता त्या दारात आता मूठभर मिळेना. आसपासच्या कॉलन्यांत बघितलं, सगळीकडं शोभेची झाडं, ज्यांची सावली त्यांच्याच बुडाला पुरत नाही. मग मी झरीहून आणायला लागले. घरामागच्या लिंबाचा पाला पिशवीत भरून एसटीत बसायचे. कंडक्टर म्हणायचा, "बकरीचं तिकीट कुणी काढायचं?" मी म्हणायचे, "बकरी परभणीत हाय, अजून उभी राहीना." निवेदनं, धरणं, मोर्चे इतकं सगळं केलं. त्यातल्या कुठल्याच कामानं मला इतकं शांत वाटलं नाही जितकं त्या पिशवीनं. याचा मला रागही येतो. शहरातल्या लेकराच्या अंघोळीला पाला खेड्यातून यावा, हे काय काम झालं?

झोळी आता पत्र्याच्या पाइपाला बांधलीय. गयाबाई झोका देताना वर बघते. बुंध्याच्या कडेनं तिनं लिंबोळ्या पुरल्यात. दोन उगवल्यात, बोटाएवढ्या. भोवती तिनं काटे लावलेत आणि अजून कुणी कागद दाखवला तर डोकं फोडीन म्हणते.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही हे वाचायलात म्हणजे बहुतेक तुमच्या डोक्यावर स्लॅब आहे आणि शेजारी फराळाचं ताट आहे. तुमच्या गच्चीची किल्ली कुणाकडं आहे ते आजच विचारा आणि मागच्या वस्तीतल्या बाईला वाळवणासाठी द्या, लिफ्टसकट. हे तर कराच. पण मला हवंय ते दुसरंच. पाडव्याच्या आसपास कधीतरी सकाळी तुमच्या खिडकीखाली करवत सुरू होईल. तुमच्या हातात चहा असेल. तुम्हाला वाटेल, कुणीतरी परवानगी काढली असेल. तो कप खाली ठेवा. चपला घाला. जिना उतरा, झाडाला पाठ लावून उभे राहा, आणि तिथून मला फोन करा. आधी फोन करू नका. आधी खाली या.